एका पाहुण्याची जागा

त्या रविवारी कलासंग्रहालयाच्या दारात दोन रांगा होत्या. एक तिकिटाची, वळण घेऊन थेट पायऱ्यांपर्यंत आलेली. दुसरी आमची, मेंबरांची. तिच्यात माझ्यापुढे एकच बाई उभ्या होत्या. दोन्ही रांगांमध्ये एक जाडसर दोर. दोराच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक माणूस आणि त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या काखेत चित्रकलेची वही, वहीच्या तारेत खोचलेली पेन्सिल. ती टाचा उंचावून काचेपलीकडे काय दिसतंय ते बघत होती आणि वडील तिकिटांच्या दरांचा फलक वाचत होते. दोनदा वाचला त्यांनी. मग खिडकीशी जाऊन काहीतरी विचारलं, मान डोलावली, परत आले आणि खाली वाकून मुलीशी हळू आवाजात बोलले. तिनं हट्ट केला नाही. वही या काखेतून त्या काखेत घेतली, आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

माझा नंबर आला. कार्ड दाखवलं, यंत्र बारीकसं वाजलं, मी आत गेले.

क्लोकरूममध्ये पिशवी दिली आणि नंबराचा बिल्ला हातात पडला तेव्हा मला आठवलं. बारा वर्षांखालच्या मुलांना इथे तिकीट नाहीच. म्हणजे प्रश्न एकाच मोठ्या माणसाच्या तिकिटाचा होता. आणि माझ्या कार्डावर, माझ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरांत छापलेलं आहे: सोबत एक पाहुणा. मी तशीच वळून दारापर्यंत गेले. पायऱ्यांवर दुसरीच माणसं होती.

या गोष्टीला आता काही महिने होऊन गेले. कुणाचं काही हिरावून घेतलं असं नाही, कुणाला दुखावलं असंही नाही. तरी कार्ड हातात घेतलं की अंगठा आपोआप त्या बारीक अक्षरांवर जातो.

मेंबर होण्याआधी मी तिकीट काढूनच जायचे, वर्षाकाठी एखाद्या वेळी, आणि तो दिवस फार दमणुकीचा असायचा. पहिल्यांदा गेले ती आईबरोबर. आईचं म्हणणं सरळ होतं: तिकीट काढलंय, आता एकही दालन सोडायचं नाही. नकाशा हातात घेऊन आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. मूर्ती झाल्या, नाणी झाली, मग चित्रं, जिना, पुन्हा चित्रं. सुरुवातीला आई प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. मग मनात वाचू लागली, मग नुसती नावं, मग तेही नाही. दुपारी कधीतरी ती एका बाकावर बसली, चपला काढल्या, पावलं थंडगार फरशीवर टेकवली आणि समोरच्या भल्यामोठ्या युद्धाच्या चित्राकडे न बघता म्हणाली, "अजून किती राहिलंय गं?" आम्ही राहिलेलं सगळं बघितलं. घरी आल्यावर मात्र आम्हा दोघींनाही नीट आठवत होती ती तेवढी फरशी. त्या थकव्याचा दोष मी कितीतरी वर्षं स्वतःकडे घेतला होता. आपल्याला चित्रातलं काही कळत नाही म्हणून कंटाळा येतो, असं वाटायचं. पुढे कळलं की बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लिहून ठेवलंय. एका माणसाला कपाटांतल्या वस्तू बघायला लावून त्यांनी त्याचे फोटो काढले होते: कमरेत वाकलेला, गुडघे दुमडून बसलेला, मान तिरकी करून काचेला डोळा लावलेला. बघणं हे अंगमेहनतीचं काम आहे, हे ते फोटो बघितल्याशिवाय पटत नाही. त्या वाकलेल्या माणसात मला चपला काढून बसलेली आई दिसली.

दमलेला माणूस मग नजरेनं नुसती हजेरी घेत जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ या अभ्यासकांनी लोक एकेका नावाजलेल्या चित्रापुढे किती वेळ थांबतात ते घड्याळ लावून मोजलं. २००१ साली त्यांनी आकडे छापले: सरासरी २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदही नाहीत. त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला. मला हे आकडे वाचून लोकांचा राग आला नाही. इमारतीत शेकडो चित्रं, आणि संध्याकाळी दार बंद होणार. माणसानं दुसरं करावं तरी काय?

कार्डानं मला पहिल्यांदा काय दिलं असेल, तर लवकर निघून जायची मुभा.

कार्डाबरोबर जे जे मिळतं त्याची यादी मोठी आहे. रांग वेगळी, नवीन प्रदर्शन इतरांच्या आधी बघायला मिळतं, दुकानात सवलत, मेंबरांसाठी बसायची खोली, दर तीन महिन्यांनी घरी येणारं गुळगुळीत कागदाचं मासिक. सुरुवातीच्या दिवसांत मी हे सगळं हौसेनं वापरलं. पण एका संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला गेले होते, हातात वीस मिनिटं होती, म्हणून आत शिरले, एका चित्रापुढे उभी राहिले आणि बाहेर आले. एवढंच. रस्त्यावर आल्यावर जाणवलं की पाय दुखत नाहीत आणि ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. त्यातला हिरवा रंग बसमध्ये बसेपर्यंत माझ्याबरोबर होता. तिकीट काढून आलेल्या माणसाला वीस मिनिटांत निघवत नाही, पैसे टोचतात. ती टोचणी गेली की नजर सैल होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समध्ये मॅनॉडच्या दगडखाणीत नेऊन ठेवली होती. भिंती मोकळ्या पडल्या, आणि लोकांना चित्रांची आठवण येऊ लागली. तेव्हा १९४२ मध्ये असं ठरलं की महिन्याला एकच चित्र खाणीतून आणून लावायचं. बॉम्ब पडलेल्या शहरातून वाट काढत माणसं त्या एका चित्रासाठी यायची. मला त्या लोकांचा हेवा वाटतो असं म्हणणं बरोबर नाही, त्यांच्या डोक्यावर काय होतं ते ठाऊक आहे. पण एका चित्रासाठी घरातून निघणं म्हणजे काय, ते कार्ड हातात आल्यावर मला कळलं.

महिन्यातल्या एका सकाळी मेंबरांसाठी दार तासभर आधी उघडतं. ती सकाळ मी सहसा चुकवत नाही. फरशी नुकतीच पुसलेली असते, ओलसर, थोडी औषधी वासाची. दालनांतले दिवे एकामागून एक लागतात आणि लांबच्या टोकाची चित्रं अंधारातून वर येतात. गर्दीत कधी ऐकू न येणारे आवाज त्या वेळी येतात: हवा खेळवणाऱ्या यंत्राची घरघर, आपल्याच चपलांची चरचर, कुठेतरी गार्डच्या किल्ल्या. वरच्या मजल्यावरचे गार्ड मला आता ओळखतात. बोलत नाहीत फारसे, मान हलवतात. एकदा मी दोन महिने गेले नव्हते, तर म्हणाले, "बरं नव्हतं का?" मला कितीतरी वेळ त्यावर बोलता येईना.

त्याच मजल्यावर, कागदावरच्या चित्रांच्या लहान दालनात, माझं चित्र होतं. माझं म्हणजे मी ठरवलेलं. वहीच्या पानाएवढं, जलरंगातलं, पाटीवर 'चित्रकार अज्ञात'. खिडकीखाली एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली निळी शाल. माणूस नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा निळा रंग आवडला, बस. तिसऱ्या की चौथ्या खेपेला लक्षात आलं की खिडकीतला लख्ख उजेड रंगवलेलाच नाही. तिथे कागद कोरा सोडलाय, आणि भोवतीच्या भिंतीचा करडा रंग इतका नेमका थांबवलाय की कोरा कागद ऊन होऊन आत येतो. पुढे एकदा खुर्चीच्या पाठीच्या वर पेन्सिलची एक पुसट रेघ दिसली. आधी खुर्ची उंच काढली होती, मग चित्रकारानं विचार बदलला आणि बोटभर खाली आणली. ती रेघ खोडायची राहिली, की ठेवली, कोण जाणे. आणि सातव्या-आठव्या भेटीत, मी निघता निघता सहज वळून बघितलं, तर शालीच्या टोकाखाली फरशीचा रंग इतर फरशीपेक्षा गडद होता. थेंबांचा ओलावा. शाल भिजलेली होती! म्हणजे कुणीतरी आत्ताच पावसातून आलंय, शाल खुर्चीवर टाकून आतल्या खोलीत गेलंय. इतके दिवस मी ज्या चित्राला रिकामं म्हणत होते त्यात माणूस होता, दाराआड. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो कुणाला सांगावा कळेना. गार्डना सांगितला. त्यांनी जवळ येऊन बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "रोज समोर असतो मी याच्या."

त्या दालनात दिवे नेहमीच मंद. आधी मला वाटायचं, वातावरण म्हणून असेल. मेंबरांना वर्षातून एकदा आतल्या बाजूला, जिथे चित्रांची डागडुजी होते तिथे नेतात. तिथल्या बाईंनी खरं कारण दाखवलं. कागदावरच्या रंगांना उजेड खातो. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, घरात वाचायला लावतो त्या दिव्याच्या मानानं कितीतरी कमी. आणि तेवढाही उजेड काही महिनेच. मग चित्र काढून अंधाऱ्या कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं. गेलेला रंग विश्रांतीनं परत येत नाही, फक्त पुढची झीज लांबते. त्यांनी टेबलावरचं एक जुनं जलरंग चित्र दाखवलं, फ्रेममधून काढलेलं. कडेची बोटभर पट्टी इतकी वर्षं माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली होती. त्या पट्टीतलं आकाश गर्द जांभळट निळं होतं आणि उरलेल्या कागदावरचं आकाश फिकट राखाडी. दोन्हींच्या मधे रेघ सरळ, सुरीनं कापल्यासारखी. तेलरंगही यातून सुटत नाहीत. व्हॅन गॉगनं फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र १८८८ साली काढलं तेव्हा भिंती फिक्या जांभळ्या आहेत असं पत्रात लिहिलं होतं. आज त्या आपल्याला निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल उडून गेला. मी त्या बाईंना विचारलं, "म्हणजे आम्ही बघतो त्यानं चित्र झिजतं?" त्या म्हणाल्या, "बघण्यानं नाही, उजेडानं. पण उजेडाशिवाय बघणार कसं?"

घरी येताना माझ्या भेटी मोजत होते. तीसेक तरी झाल्या असतील.

आणि तो रविवार, दोन रांगांचा, माझ्या चित्राचा भिंतीवरचा शेवटचा दिवस होता. सोमवारी ते उतरवणार होते. आता खरं लिहायचं तर हेच लिहायला हवं. मला त्या माणसाला हाक मारायचं सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. अनोळखी माणसाला असं विचारलं तर त्याला अपमान वाटेल, मुलीसमोर वडिलांना ओशाळं होईल, असंही सांगितलं. यात तथ्य आहे थोडं. पण फलक ते दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा माझ्या मनात काहीतरी हललं होतं, आणि मी नजर वळवून घड्याळाकडे बघितलं होतं. पाहुणा सोबत घेतला तर त्याच्याशी बोलावं लागेल, मुलगी प्रश्न विचारेल, आणि मला तो शेवटचा तास एकटीला हवा होता. मिळालाही. मी दालनात बसले, शालीखालचा ओलावा बघितला, पेन्सिलची रेघ बघितली, आणि सगळा वेळ डोळ्यांपुढे वहीच्या तारेत खोचलेली पेन्सिल येत राहिली.

दाराचा हा प्रश्न जुनाच आहे. लंडनचं ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेश फुकट होता, पण आधी अर्ज करायचा, नाव-गाव द्यायचं, आणि तिकिटाची वाट बघायची. बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन १७८४ मध्ये मोठ्या आशेनं गेला. तिकीट त्यानं जवळपास दोन शिलिंग मोजून दुसऱ्याकडून मिळवलं होतं, आणि आत गेल्यावर त्याच्या जथ्याला दालनांतून हाकत अर्ध्या तासात बाहेर काढलं. समोर एवढा खजिना, आणि काही विचारायला तोंड उघडलं की सोबतचा माणूस गप्प करणार. त्यानं आपली निराशा लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली. दारातूनच परत गेलेल्यांचं कुणी लिहिलं नाही.

दुसरी बाजूही मनात येते, आणि ती खोटी नाही. मेंबरांच्या वर्गणीवर पुष्कळ काही उभं राहतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या मित्रांची सभा १८९७ मध्ये स्थापन झाली. वर्गणीदार माणसं, कुणी सधन, कुणी बेताची, पैसे जमवायची आणि संग्रहालयाला चित्रं घेऊन द्यायची. १९०५ साली त्यांनी आव्हिन्यॉंजवळच्या गावातला पंधराव्या शतकातला एक पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं चित्र, दिला, आंगेराँ कार्तों या चित्रकाराचा मानला जातो तो. सोनेरी पार्श्वभूमी, आईच्या मांडीवर मुलाचं धनुष्यासारखं वाकलेलं शरीर, आणि आईचे जोडलेले हात. ते वर्गणीदार कधीच गेले. चित्र तिथे आहे, आणि आज त्याच्यापुढे उभा राहणारा कुणीही असो, त्यांनीच आणलेलं चित्र बघतो. असं काही वाचलं की मला माझ्या कार्डाबद्दल बरं वाटतं. मग पायऱ्या आठवतात. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहतात. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

गेल्या काही खेपांना मी दारात थांबते. लगेच मेंबरांच्या रांगेत जात नाही. पहिल्यांदा एका आजोबांना विचारलं, "माझ्या कार्डावर एक पाहुणा चालतो, येता का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नको म्हणाले. दुसऱ्या खेपेला एका बाईंना विचारलं, तर त्यांच्या घरचे मागून येत होते. माझे कान तापले होते, आणि परत कुणाला विचारायचं नाही असं ठरवूनच मी आत गेले. तिसऱ्या खेपेला पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा फलकासमोर उभा होता, कॉलेजातला असेल. वाक्य नीट पुरं व्हायच्या आत तो "हो, चालेल" म्हणाला. यंत्रानं एकाच कार्डावर दोनदा आवाज केला. आत गेल्यावर मला वाटलं होतं थोडं बोलणं होईल, मी त्याला वरच्या मजल्याचं सांगेन. तो "थँक्यू हं" म्हणून मूर्तींच्या दालनाकडे जवळजवळ धावतच गेला. त्याला काय बघायचं होतं ते ठरलेलं होतं. दीड तासानं मी निघाले तेव्हा तो एका मूर्तीच्या मागच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि तिच्या पाठीची घडी कागदावर उतरवत होता. मी त्या मूर्तीची पाठ कधी बघितलीच नव्हती. थोडा वेळ त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याला न कळता बाहेर पडले.

लहान दालनात आता दुसरी चित्रं आहेत, नदीकाठाची, चांगली आहेत. खुर्चीच्या जागी एक होडी लागली आहे. मी गार्डना विचारलं, माझं चित्र परत कधी. त्यांनी चौकशी करून ठेवली होती. तीन वर्षांनी, म्हणाले, त्याच्या आत नाही. मी मनात बेरीज केली. ती मुलगी नऊ वर्षांची असेल, तर तेव्हा तिला बारा पूर्ण झालेली असतील, आणि तिलाही तिकीट लागेल. दोघांना मिळून दोन जागा. माझ्या कार्डावर एकच आहे.